तुराट्यांच्या गंजीतली पिल्ली

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, सोलापुरात झालं. पोरगी जन्मली आणि अशी ओरडली, की गिरणीचा भोंगा झाला असं समजून गल्लीतली दोन माणसं भाकरीचा डबा घेऊन तरातरा निघाली. गिरणीच्या फाटकापाशी पोचल्यावर त्यांना कळलं, की हा आमच्या घरचा भोंगा. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. दोघंही वारून जमाना झाला, पण विचारा.

त्या आश्विनात मी जेवढी भ्याले तेवढी पुन्हा जन्मात भ्याले नाही. आणि मी काही ऊठसूट भिणारी बाई नव्हे. चांगली मारकी म्हैस मी नुसते डोळे वटारून चावडीपासून ओढ्यापर्यंत मागं सरकवत नेलेली आहे, आणि ओढ्यात बसल्यावर तिनं माफी मागितल्यासारखं तोंड केलं होतं.

बाळंतिणीला घरातली सगळ्यात मागची खोली. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या पाठीमागं ही अंधारी खोली. एरवी तिच्यात तुरीची पोती असायची. तीच पोती भिंतीला रचून जागा केलेली, मधे माझी बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि शेपा. वर माळवद आणि काळ्या लाकडी तुळया. सुवेर फिटेपर्यंत मी उंबरा ओलांडायचा नाही आणि मला कुणी शिवायचं नाही. उजेड काय तो परसाकडच्या खिडकीतून. तिला गज नव्हते, फळीची दोन दारं होती, आणि त्यातल्या एकाची खिटी तुटलेली होती.

तर मी दिवसभर खिडकीतून परस बघायची. पाऊस ओसरला होता, ऊन चटके देत होतं, सीताफळांनी डोळे उघडले होते. झाडाच्या मागं पडकी भिंत, आणि खिडकीपासून चार हातांवर आप्पांनी वर्षाच्या सरपणाला रचून ठेवलेली तुराट्यांची गंज. तुरी झोडपून घेतल्यावर ज्या वाळक्या काटक्या उरतात ना, त्यांची. आप्पा म्हणजे माझे वडील. ते गिरणीत हजेरी घ्यायचे. त्यामुळे सरपणसुद्धा त्यांनी असं रांगेत उभं केलं होतं, की एक काटकी गैरहजर राहिली तर दिसावी.

सकाळी खारी यायच्या. मग मुंगूस यायचं, शेपूट फुगवून, वसुलीला आलेल्या कारकुनासारखं प्रत्येक बिळात डोकावून जायचं. सातभाई यायचे आणि माझ्या सासरच्या माणसांसारखे सगळे एकदम बोलायचे, ऐकायचं कुणीच नाही. पोपट तर इतके, की ते उडाले की झाडावर पानंच नाहीत असं दिसायचं. एकदा भिंतीवर घोरपड आली. तिची जीभ बघून माझं दूध आटलं, असं मी आईला सांगितलं, तर आईनं हळिवाची खीर वाटीनं न देता तांब्यानं पाजली.

पहिले दिवस ही सगळी करमणूक होती. पण बाळंतिणीचं डोकं रिकामं असतं आणि रिकाम्या घरात काहीही शिरतं. बघता बघता माझ्या मनात आलं, की मी यांच्याकडं बघते हे ठीक आहे, पण हे सगळे कुणाकडं बघायला येतात? मुंगूस खिडकीखाली थांबून मान वर करायचं, ते कशाला? माझ्या मांडीवर एवढासा मऊ गोळा, त्याला दात नाहीत, नखं पानासारखी. जंगलातल्या कुठल्याही जनावराला विचारा, त्याला तो काय वाटेल.

त्यात माझा धाकटा भाऊ नवी पेठेतून बातमी घेऊन आला. तो तालमीत जायचा. त्यानं मांडी थोपटली की आमच्या गल्लीतले कावळे उडत, एवढंच त्याचं आजवरचं शौर्य. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला,

“आक्का, ऐकलंस का? दुधनीकडचं गाडीवान सांगत हुतं, तिकडं लांडगं लई माजल्यात. झोळीतलं पोर उचलून न्हेलं म्हंत्यात.”

“गप ए मुडद्या,” आई चुलीपासून ओरडली, “बाळंतिणीम्होरं काय बोलावं त्ये कळंना व्हय रं तुला?”

“मी काय वंगाळ बोललो? दारं लावून घ्या, एवडंच. आन मी हाय की हितं.”

“तू हायस म्हणूनच भ्या वाटतंय,” मी म्हणाले.

मी हसले खरी, पण त्या संध्याकाळपासून पोरीला बाजेच्या भिंतीकडच्या अंगाला घेतलं आणि मी खिडकीकडच्या अंगाला झाले. लांडगा आला तर आधी मी लागेन, आणि मला संपवायला त्याला निदान वेळ लागेल. खीर तांब्यानं पीत होते ना.

दोन-तीन दिवसांत खुणा दिसू लागल्या. सकाळी खिडकी उघडली तर बाहेरच्या कट्ट्यावर सीताफळ. आतून सगळं कोरून खाल्लेलं, बिया चोखून ओळीनं टाकलेल्या, साल मात्र वाटीसारखी शाबूत. मातीत पावलं उमटलेली. भावानं ती वाकून बघितली, चवड्यावर बसून बघितली, आणि लांडग्याचीच म्हणून सांगितलं. त्यानं आयुष्यात लांडगा बघितला नव्हता, पण त्याच्या आवाजात खात्री इतकी होती की लांडग्यानंसुद्धा मान डोलावली असती.

“लांडगं शीताफळ खातंय व्हय रं?” आईनं विचारलं.

“मटण न मिळालं तर खातंय की.”

आणि वास. त्याचं मला अजून नवल वाटतं. दिवेलागणीला खोलीत शिजलेल्या आंबेमोहोर भाताचा वास यायचा. आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी. भात म्हणजे सणाला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. चुलीवर तवा असायचा आणि खोलीत भाताचा घमघमाट. मी आईला हाक मारली. ती आत आली, नाक वर करून उभी राहिली आणि काही बोलली नाही. तिचा चेहरा मात्र धुतलेल्या फडक्यासारखा झाला. परत गेली, विळा आणला, आणि पोरीच्या उशाखाली सरकवला. माझी आई केम गावची, तोंडानं फटकळ. ती बोलत नाही तेव्हा गोष्ट हाताबाहेर गेलेली असते, हे आम्हाला ठाऊक होतं. पोरगी झोपेत हसली तरी माझ्या अंगावर काटा येऊ लागला.

आता शेजारच्या अव्वाबद्दल सांगायला पाहिजे. पडक्या भिंतीपलीकडं विणकराचं घर होतं. घरात माग, दिवसभर खटखट. त्या विणकराची आई त्याच दसऱ्याला निजामाच्या मुलखातून लेकाकडं आली होती. तिला सगळे अव्वा म्हणत, म्हणून आम्हीही अव्वा म्हणत असू. तिला तेलुगूशिवाय अक्षर येत नव्हतं आणि आम्हाला तेलुगूतलं अव्वाशिवाय. एरवी तिचा लेक दोन्हीकडचं बोलायचा. पण सून बतकम्माच्या सणाला माहेरी गेलेली, आणि लेक तिला आणायला गेलेला. माग बंद होता, म्हातारी एकटी होती.

एका सकाळी ती भिंतीवरून वाकली आणि तुराट्यांच्या गंजीकडं बोट करून ओरडायला लागली.

“पिल्ली! पिल्ली!”

आई धुणं टाकून धावली. “पिल्ली? कुनाची पिल्ली ओ अव्वा?”

“पिल्ली! लोपल! लोपल!”

“लपल्यात म्हंत्या,” आई मागं वळून म्हणाली. “गंजीत पिल्ली लपल्यात.”

अव्वा खुशीत होती. तिला वाटलं, आम्हाला समजलं. हाताची ओंजळ करून, ती छातीशी धरून, तिनं आणखी एक वाक्य सांगितलं. ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“पिल्ली पिल्ललु पेट्टिंदी!”

“ऐकलंत का?” भाऊ गरजला. “पिल्ली हायत, पेटवा म्हंत्या म्हातारी!”

आमच्या घराण्याचा एक गुण आहे. कळलं नाही, असं कुणी कधी म्हणत नाही. आईनं मान डोलावली, भावानं डोलावली, गिरणीला निघालेले आप्पा टोपी हातात घेऊन आले, त्यांनीही डोलावली. पलीकडून अव्वानं डोलावली. सगळ्यांचं इतकं एकमत आमच्या परसात पूर्वी कधी झालं नव्हतं.

“लांडगीनं घातल्यात,” आप्पा म्हणाले. “ती रातचं हिंडती, दिवसा आत पडून ऱ्हाती. आज लवकर येतो. उन्हं कलली की पेटवू.”

मी खिडकीतून म्हणाले, “आप्पा, पिल्ली जाळली आन आई सुटली, तर ती कुटं जाईल? हितं येईल की. माझ्याच खिडकीत येईल.”

“येऊ दे. मी हाय की,” भाऊ म्हणाला.

त्या दिवशी मी घास गिळला नाही. गंज माझ्यासमोर उभी होती आणि मी तिच्याकडं डोळे लावून बसले होते. वारा आला की काटक्या वाजायच्या आणि मला वाटायचं, आतून कुणी कूस बदलली. एकदा तर दोन काटक्यांच्या फटीत डोळा दिसला. एक डोळा. तो तांब्याएवढा होता, असं मी पुढं वर्षानुवर्षं सांगत आले. तांब्याएवढा नसेल, वाटीएवढा असेल. पण तो पापणी न मिटता पोरीकडं बघत होता. मी खिडकी लावली, तुटक्या खिटीच्या दाराला कोपऱ्यातला दगडी पाटा टेकवला, आणि अंधारात बसून राहिले.

उन्हं कलली. आग घराला धरू नये म्हणून आप्पांनी भिंतीवर पाण्याच्या घागरी ओतल्या. भाऊ काठी घेऊन पडक्या भिंतीपाशी उभा राहिला, कारण लांडगी तिकडून पळणार असं त्याचं मत. आणि आईनं काय केलं असेल? जनावर घरात घुसू नये म्हणून तिनं माझ्या खोलीचं आतलं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. चांगल्या मनानंच केलं. खिडकी लावलेली, म्हणजे खोली बंद, म्हणजे मी सुरक्षित, असा तिचा हिशेब. तुटकी खिटी तिच्या ध्यानात नव्हती.

तुराट्या पेटतात तेव्हा फटाक्यांची माळ लावल्यासारख्या वाजतात. एवढा आवाज झाला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. फटीतून धूर आत आला, पोरगी ठसकली. मी तिला पदरात घेतलं आणि कडी काढा म्हणून ओरडले. कुणी आलं नाही. तेवढ्यात पाटा धाडकन जमिनीवर पडला, खिडकीचं दार आत आलं, आणि धुरातून एक काळं तोंड आत शिरलं.

तोंडात पिल्लू होतं.

ते जनावर माझ्या नडगीवर पाय देऊन गेलं. ते वजन मला आजही तिथं जाणवतं. पोत्यांवरून चढलं, भिंतीवरून तुळईवर गेलं, कोपऱ्यात पिल्लू ठेवलं, आणि वळलं. राखाडी अंग, अंगाएवढी लांब शेपटी, डोळ्यांभोवती काळं. लांडगा नव्हता. बाहेरून अव्वाचा आवाज येत होता, रडवेला, ती भिंतीवर दोन्ही हात आपटत होती.

“पिल्ली! पिल्ली! म्याव! म्याव! म्याव!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिल्ली म्हणजे मांजर. म्हातारी सकाळपासून मांजर म्हणत होती! मांजरीला पिल्लं झालीत, एवढंच. पेटवा असं ती कधी म्हणालीच नव्हती.

मला बरं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. छे. मांजर कुठलं, ते उदमांजर होतं. उदमांजर म्हणजे मसणातलं जनावर, लहान लेकरांची मढी उकरतं, हे मी परकराच्या वयापासून ऐकत आले होते. लांडगा निदान जिवंत पोर नेतो. हे माझ्या डोक्यावर तुळईवर बसलं होतं, आणि त्याच्या अंगाला तोच तो आंबेमोहोराचा वास होता.

“आप्पा! मांजर हाय! इजवा!” मी किंचाळले.

बाहेर भाऊ म्हणाला, “आक्का वराडतीया! आली, लांडगी आली!” आणि तो आणखी जोरात काठी आपटायला लागला.

उदमांजरी तुळईवरून उतरली, माझ्या बाजेवरून गेली, खिडकीतून आगीकडं गेली. आता खिडकी लावायची वेळ होती. माझा हात दारापर्यंत गेलासुद्धा. आमच्या नात्यातल्या बायका पुढं सांगायच्या, की आईचं काळीज आईला कळलं म्हणून हिनं खिडकी उघडी ठेवली. ऐकायला गोड आहे. खरं असं, की तिचं एक पिल्लू माझ्या डोक्यावर होतं. खिडकी लावली असती तर ती दुसरी कुठून तरी आली असती, आणि येताना तिचं माझ्याशी भांडण झालेलं असतं. भीतीनं मला शहाणपण आलं, काळजानं नव्हे.

ती दुसरं घेऊन आली. त्याच्या लवेला जळका वास होता. ते तुळईवर ठेवून पुन्हा गेली. म्हणजे तिसरंही होतं.

या वेळी तिला उशीर लागला. बाहेर गंज मधेच बसली, एकदम धप्प आवाज झाला, खिडकी सगळी लाल झाली. मग ती आली. मिशा जळलेल्या, पुढचा एक पाय उचललेला, आणि तोंड रिकामं.

ती वर गेली नाही. पोत्यांच्या टोकाला बसली, माझ्यापासून हातभर. त्याच वेळी माझी पोरगी रडायला लागली आणि वरची दोन रडायला लागली. आवाज सारखेच. डोळे मिटून ऐकलं असतं तर माझं कुठलं, हे मलाच ओळखता आलं नसतं. आणि तिची मान वर गेली, मग खाली आली, माझ्या पदराकडं. ती नाक पुढं करून वास घेत होती. एक पाऊल पोत्यावरून बाजेवर आलं. विळा उशाखाली होता आणि मी त्या उशीपासून एका वितीवर होते, पण तो मला कोसभर लांब वाटला. मी पोरीला पोटाशी इतकं आवळलं, की तिचं रडणं थांबलं, आणि ते थांबलं याचीच मला दुसरी भीती वाटली.

कडी निघाली. भाऊ काठी घेऊन आत घुसला, मागं आप्पा, त्यांच्या मागं आई. उदमांजर झेप घेऊन तुळईवर गेलं.

“हाय! हितं हाय!” भावानं काठी उगारली. तुळई बरोबर माझ्या डोक्यावर.

“काठी खाली ठेव,” मी म्हणाले.

“आक्का, तू बाजूला...”

“काठी खाली ठेव म्हंते ना, भाड्या! ती पडली तर हिच्यावर पडंल!”

त्यानं ठेवली. मी पोरीला घेऊन उठले. सुवेर फिटली नव्हती. मी उंबरा ओलांडला, स्वयंपाकघरातून गेले, देव्हाऱ्यापुढून गेले, सोप्यातून अंगणात आले. वाटेत आईचा पदर मला लागला. एरवी तिनं तिथल्या तिथं अंघोळ केली असती. ती नुसती भिंतीला टेकून मला वाट देत राहिली. आप्पा मागून म्हणाले, “दार लावून घ्या. खिडकी राहू द्या उघडी.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की हजेरीवाला माणूस असं बोलू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी थेट अव्वाच्या घरात गेले. तिथं भिंत आणि माग यांच्यामधे तिनं मला बसवलं, पोरीचं अंग चाचपून बघितलं, हात, पाय, मान. पोरगी श्वास घेत होती. मग म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्या भावाच्या नावानं तेलुगूत जे काही सांगितलं, ते मला शब्द न कळता सगळं कळलं.

रात्री आईनं बाज, शेगडी, सगळं तिकडंच आणलं. बाळंतपणाचे उरलेले दिवस मी त्या मागाशेजारी काढले. पुढं अव्वाचा लेक आल्यावर त्यानं सगळी वाक्यं मराठीत सांगितली, लोपल म्हणजे आत आणि पेट्टिंदी म्हणजे घातली. आप्पा ऐकून घरात गेले आणि दोन दिवस त्यांनी घरातसुद्धा टोपी काढली नाही.

आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई तुळई बघून आली होती. वर कुणी नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर राखेची पावलं होती, बाहेर जाणारी. पण माझी नजर परसातच जात होती. आई गंजीची राख पाटीत भरत होती. भरताना मधेच थांबली, वाकली, काहीतरी बघितलं, आणि पाटीवर पदर टाकला.

मी अव्वाच्या भिंतीपाशी उभी होते. विचारलं, “आये, तिसरं गावलं का?”

आईनं पाटी कमरेवर घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “लेकराला पाज जा आदी. मगाधरनं रडतंय त्ये.”